कोकणात बसून पाइप ऑर्गन कसा ऐकायचा: नवख्यांसाठी वाटाड्या

आपल्याकडे ऑर्गन म्हटलं की पायपेटीच आठवते. दशावतारात पखवाज आणि झांजेच्या शेजारी मांडलेली, नाहीतर संगीत नाटकात नटाला सूर देणारी. ती ऐकत वाढलेल्या माणसाला युरोपातल्या चर्चचा पाइप ऑर्गन ऐकवला तर बहुतेकांचं एकच मत पडतं: भुताच्या पिक्चरचं म्युझिक आहे. यात ऐकणाऱ्याचा दोष नाही. फोनच्या स्पीकरवर, सगळ्यात दणदणीत तुकड्यापासून सुरुवात केली की दुसरं काय होणार?

माझं सगळं सांगणं एका ओळीत मावतं: पाइप ऑर्गन खालून वर ऐकायचा. आधी पायांनी वाजवलेला, सगळ्यात खालचा सूर पकडायचा, मग मधला, सगळ्यात शेवटी वरची चाल. आपले कान वरची चाल आधी पकडतात, कारण गाणं आपण तसंच ऐकतो. इथे ते उलटं करावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी जमवायचं सामान

- वायरचा हेडफोन, कान पूर्ण झाकणारा. महागडा नको.
- एक वही. ऐकलेल्या रचनेचं नाव, कुठला ऑर्गन, कोण वाजवतंय आणि त्याखाली स्वतःचं एक वाक्य.
- रचना उतरवून ठेवायला फोनमध्ये जागा. पावसाळ्यात वीज आणि रेंज दोन्ही कधी जातील याचा भरवसा नाही, तेव्हा ऐनवेळी शोधत बसू नका.
- घरात पेटी असेल तर उत्तम. नसेल तरी अडत नाही.

१. वाद्याची ओळख, कामापुरती

पायपेटीत पितळी सूर असतात. हवा त्यांच्यावरून गेली की त्यांची पितळी जीभ थरथरते आणि सूर निघतो. पाइप ऑर्गनमध्ये प्रत्येक सुराला स्वतंत्र नळी असते. बहुतेक नळ्या शिट्टीसारख्या वाजतात: तोंडाशी फट, फटीतून हवा, समोर धार. काही नळ्यांच्या बुडाशी मात्र पितळी जीभ असते. त्यांचा आवाज तुतारीसारखा किंवा सनईसारखा खणखणीत येतो. या दोन जाती ओळखता आल्या की अर्धं काम झालं.

पायपेटीवाल्यांचा घोळ होतो तो पायांपाशी. तिथे पाय भाता मारतात. पाइप ऑर्गनमध्ये पाय सूर वाजवतात. खाली लाकडी पट्ट्यांची अख्खी ओळ असते आणि वाजवणारा चवडा नि टाच दोन्ही वापरून त्यावर धावतो. हवा भरायचं काम पूर्वी वेगळी माणसं करायची, आता विजेचा पंखा करतो. व्हिडिओत पायांचा कॅमेरा असेल तर तोच बघा. पातळ तळव्याचे बूट, गुडघे जवळजवळ जोडलेले, आणि एक पाय दुसऱ्याच्या मागून वाट काढत पुढच्या पट्टीवर कसा जातो, ते दोन मिनिटं नीट पाहिलंत की कानांनाही खालचा सूर सापडायला लागतो.

आणखी एक गोष्ट. पट्टी जोरात दाबली म्हणून आवाज वाढत नाही. लहानमोठेपणा येतो तो किती नळ्यांच्या रांगा उघडल्या त्यावर, किंवा काही नळ्या ज्या पेटाऱ्यात बंद असतात त्याच्या झडपा पायाने उघडण्यावर. जुन्या पायपेटीला गुडघ्याने ढकलायची पट्टी असते, तिचंच हे मोठं भावंड.

२. फोनचा स्पीकर बंद

हा नियम मोडू नका. ऑर्गनचा खालचा सूर फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून येतच नाही. म्हणजे रचनेचा पाया काढून टाकलेला असतो आणि तुम्ही छप्पर ऐकत बसता. मग आवाज कर्कश वाटतो आणि माणूस वैतागून बंद करतो.

पावसाळ्यात पत्र्याखाली बसून ऐकू नका. सर कोसळायला लागली की हळुवार बासरीजातीच्या नळ्या पार बुडतात, फक्त दणका कानावर येतो. 'बास बूस्ट' केलेल्या, प्रतिध्वनी वाढवलेल्या फायलीही टाळा. दगडी कॅथेड्रलमध्ये शेवटचा सूर सोडल्यावर तो पाच-सात सेकंद घुमत राहतो. तो घुमारा इमारतीचा असतो आणि वाजवणारा त्याच्याशी जुळवून थांबतो, पुढे जातो. वरून आणखी घुमारा चढवला की हा सगळा हिशेब बिघडतो.

३. काय ऐकायचं, कुठल्या क्रमाने

बाख या जर्मन संगीतकाराचा डी मायनरमधला टोकाटा (बोटांची चपळाई दाखवणारी रचना) आणि फ्यूग (एकच चाल एकेका आवाजाने मागोमाग उचलायची), बीडब्ल्यूव्ही ५६५ (हा बाखच्या रचनांच्या सूचीतला क्रमांक), सगळ्यांना माहीत असतो. त्यापासून सुरुवात नको. गंमत अशी की तो बाखनेच लिहिला का, यावर संशोधकांत वाद आहे. तो तुम्हाला कुठे ना कुठे ऐकू येणारच, मुद्दाम शोधायची गरज नाही.

सुरुवात करा 'इश रूफ त्सू दिर', बीडब्ल्यूव्ही ६३९ पासून. जेमतेम अडीच-तीन मिनिटांची रचना, आणि तिच्यात तीनच धागे: उजव्या हातात चाल, डाव्या हातात सतत वाहणारी मधली ओळ, पायात संथ ठोके. तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त पाय. दुसऱ्यांदा डावा हात. तिसऱ्यांदा सगळं मिळून. वही काढा आणि एक वाक्य लिहा. हे जमलं की 'वाखेट आउफ', बीडब्ल्यूव्ही ६४५ घ्या. तिथेही तीनच धागे, पण ज्या स्तोत्रावर रचना बेतली आहे ते मधल्या आवाजात थांबत थांबत येतं, आणि तुम्ही वरच्या गोड चालीतच गुंतलात तर ते निसटतं.

आता आपल्या ओळखीच्या जागी येऊ. तबल्याच्या एकलवादनात पेटीवर लेहरा चालू असतो. पेटीवाला तीच ओळ फिरवत राहतो आणि तबलजी वर कायदे, रेले, तुकडे मांडतो. बाखचा सी मायनरमधला पासाकालिया, बीडब्ल्यूव्ही ५८२, याच अंगाने ऐका. सुरुवातीला पायात एकटीच आठ मापांची (माप म्हणजे ठोक्यांचा एक गट) ओळ येते. ती पाठ होईपर्यंत पुढे जाऊ नका. त्यानंतर तिच्यावर वीस रूपं उभी राहतात आणि मग फ्यूग सुरू होतो. मध्येच ती ओळ पायातून उठून वरच्या हातात जाते, तिथे नवखा हमखास हरवतो. लेहऱ्याची सवय असलेला माणूस हरवत नाही, कारण सम कुठे येणार हे त्याला आतून माहीत असतं. आमच्याकडच्या तबला शिकणाऱ्या पोरांना मी सगळ्यात आधी हेच ऐकवतो, आणि ती माझ्याआधी ओळ पकडतात.

तंबोऱ्यावर वाढलेल्यांसाठी एफ मेजरमधला टोकाटा, बीडब्ल्यूव्ही ५४०. सुरुवातीला पायाने एकच पट्टी दाबून धरलेली असते, षड्ज लावून ठेवावा तशी, आणि वर दोन हात एकमेकांचा पाठलाग करतात. बराच वेळ ती पट्टी सुटत नाही. मग हात थांबतात आणि पाय एकटेच धावायला लागतात. ही जागा हेडफोनवर ऐकाच.

बाखच्या बाहेर पडायचं तर फ्रान्स. सेझार फ्रांकचं 'प्रेल्यूड, फ्यूग ए व्हारिआसियों' हे हळवं आणि सोपं, संध्याकाळी ऐकायचं. व्हिडोरच्या पाचव्या ऑर्गन सिंफनीचा शेवटचा टोकाटा म्हणजे लग्नात वाजणारी आतषबाजी. उजवा हात अखंड पळत असतो आणि खाली पायात रुंद पावलांची चाल येते. पायाकडे लक्ष दिलं नाही तर नुसता गोंगाट वाटेल. हा व्हिडोर पॅरिसच्या सेंट-सुल्पिस चर्चमध्ये १८७० पासून १९३३ पर्यंत ऑर्गनवर होता. त्रेसष्ट वर्षं एकाच बाकावर!

मेसियाँ शेवटी ठेवा, पण ठेवाच. ऑलिव्हिए मेसियाँ १९३१ पासून १९९२ मध्ये वारेपर्यंत पॅरिसच्या ला त्रिनिते चर्चचा ऑर्गनिस्ट होता. त्याच्या संगीतातल्या लयी कुठून आल्या, ठाऊक आहे? एका फ्रेंच विश्वकोशात त्याला शार्ङ्गदेवाच्या 'संगीत रत्नाकर' मधल्या १२० देशी तालांची यादी मिळाली आणि ती तो आयुष्यभर वापरत राहिला. शार्ङ्गदेव म्हणजे तेराव्या शतकातला, देवगिरीच्या यादवांच्या दरबारातला. पॅरिसच्या चर्चमध्ये देवगिरीचे ताल! 'ला नातिव्हिते' हा त्याचा १९३५ चा नऊ तुकड्यांचा संच घ्या आणि शेवटचा तुकडा ऐका. पहिल्या खेपेला आवडला नाही तर महिनाभर बाजूला ठेवा.

४. स्टॉपची यादी वाचायला शिका

मैफलीच्या माहितीत ऑर्गनची 'स्पेसिफिकेशन' दिलेली असते, म्हणजे त्याच्या नळ्यांच्या रांगांची (स्टॉपची) यादी. नावं आणि पुढे आकडे: १६, ८, ४, २. लोक हे पान उलटून टाकतात, आणि तिथेच मुकतात.

हे आकडे फुटांचे. सगळ्यात खालच्या पट्टीची उघडी नळी साधारण तितकी लांब असते. ८ म्हणजे पट्टी जिथली, सूर तिथलाच. १६ म्हणजे एक सप्तक खाली, ४ म्हणजे एक सप्तक वर. पेटीवाल्याला हे शिकवावं लागत नाही. पेटी घेताना आपण खर्ज-नर-मादी विचारतो ना, तेच: खर्ज १६, नर ८, मादी ४. फरक इतकाच की ऑर्गनमध्ये एकाच आकड्याच्या निरनिराळ्या आवाजांच्या अनेक रांगा असतात.

३२ फुटांची रांग उघडली की सगळ्यात खालचा सूर सेकंदाला सोळा कंपनांच्या आसपास जातो. कान तिथे जवळजवळ संपतो, छातीत आणि बाकड्यात कळतं. ६४ फुटांपर्यंत पूर्ण पोचलेले ऑर्गन जगात दोनच: सिडनी टाउन हॉलचा आणि अमेरिकेत अटलांटिक सिटीच्या बोर्डवॉक हॉलचा. हेडफोनवर यातलं काही मिळणार नाही, त्यामुळे '६४ फुटी आवाज ऐका' असे व्हिडिओ शोधण्यात वेळ घालवू नका.

नळ्यांच्या आकड्यांनीही भुलू नका. बोर्डवॉक हॉलमध्ये ३३ हजारांवर नळ्या आहेत, पण त्यातल्या कितीतरी वर्षानुवर्षं मुक्या होत्या. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलचा आकडा ९,९९९ आहे. बाखच्या त्या तीन धाग्यांना यातला मूठभर पुरतो.

५. थेट प्रक्षेपण: घड्याळाचं गणित

युरोपातली कितीतरी चर्चं मैफली थेट दाखवतात, बऱ्याच फुकट. अडचण वेळेची. तिकडे वर्षातून दोनदा घड्याळ हलवतात, मार्चच्या शेवटच्या रविवारी आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा:

- इंग्लंड: उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. दुपारी एकची मैफल म्हणजे आपल्याकडे साडेपाच किंवा साडेसहा. चहाची वेळ, उत्तम.
- फ्रान्स, जर्मनी: साडेतीन किंवा साडेचार तास मागे. रात्री आठची मैफल म्हणजे साडेअकरा किंवा साडेबारा.
- न्यूयॉर्ककडची अमेरिका: साडेनऊ किंवा साडेदहा तास मागे. तिथलं घड्याळ मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी हलतं, त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा युरोप-अमेरिकेचा मेळ बसत नाही.

तारखेकडेही लक्ष ठेवा. सॅन दिएगोच्या बाल्बोआ पार्कमध्ये उघड्यावरचा स्प्रेकल्स ऑर्गन आहे, तिथे रविवारी दुपारी दोनला फुकट मैफल असते. आपल्याकडे तेव्हा सोमवार उजाडायचा असतो, रात्रीचे अडीच किंवा साडेतीन. अशा वेळी सरळ सकाळी ध्वनिमुद्रण शोधा. जागरण दशावतारासाठी राखून ठेवा.

एक सोय मात्र आपल्या पथ्यावर पडते. युरोपात ऑर्गन मैफलींचा भर असतो तो उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या पावसाळ्यात. जर्मनीतल्या पासाउच्या कॅथेड्रलमध्ये १७,९७४ नळ्यांचा ऑर्गन आहे आणि मे ते ऑक्टोबर तिथे दुपारी मैफली होतात. लावणी आटपली की घरात बसायचे दिवस तेच.

थेट मैफल लावण्याआधी कार्यक्रमपत्रिका उघडून एकच रचना निवडा आणि ती आदल्या दिवशी ऐकून ठेवा. सगळं ऐकायच्या हट्टाने झोप येते.

६. ऑर्गनच्या दुनियेतल्या बातम्या

बातम्या का वाचायच्या? कारण हे वाद्य इमारतीला बांधलेलं आहे. इमारत जळली, विकली, दुरुस्तीला काढली की वाद्य मुकं होतं. तुम्ही वहीत टिपलेला ऑर्गन दोन-तीन वर्षं बंदही असू शकतो.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण पॅरिसच्या नोत्र दामचं. १५ एप्रिल २०१९ च्या आगीत छप्पर गेलं, पण मोठा ऑर्गन जळला नाही. मात्र वितळलेल्या शिशाची धूळ सगळीकडे बसली. सुमारे आठ हजार नळ्या उतरवून, साफ करून परत लावल्या आणि डिसेंबर २०२४ मध्ये चर्च उघडलं तेव्हा आर्चबिशपनी ऑर्गनला 'जागा हो' म्हणत एकेक हाक दिली, आणि दर हाकेला ऑर्गनने उत्तर दिलं. त्याचं चित्रीकरण जरूर पाहा, तोंडी हाकेला वाद्याने जाब देणं आपल्याला चांगलं कळतं. उलट बाजूचं उदाहरण फिलाडेल्फियाचं. तिथला २८ हजारांहून जास्त नळ्यांचा वॉनामेकर ऑर्गन एका दुकानात आहे, आणि ते दुकान मार्च २०२५ मध्ये बंद झालं. अशा बातमीत 'वाद्याचं पुढे काय' हे सहसा शेवटच्या परिच्छेदात असतं, तिथपर्यंत वाचा.

जर्मनीत हाल्बरश्टाटच्या चर्चमध्ये अमेरिकन संगीतकार जॉन केजची, शक्य तितकी संथ वाजवायची एक ऑर्गन रचना २००१ पासून चालू आहे आणि २६४० पर्यंत चालणार आहे. ६३९ वर्षं. ५ फेब्रुवारी २०२४ ला तिथे सूर बदलला, त्यानंतरचा बदल ५ ऑगस्ट २०२६ ला ठरलेला. मला स्वतःला हे संगीतापेक्षा नवसासारखं वाटतं, पण सूर बदलताना जमलेली गर्दी बघण्यासारखी असते.

शोधायला काही शब्द: ऑर्गनचं नाव आणि 'रिस्टोरेशन', ऑर्गनिस्टचं नाव आणि 'रिसायटल' (एकट्याची मैफल). नुसतं 'ऑर्गन न्यूज' टाकलंत तर किडनी आणि यकृताच्या बातम्या येतील. 'रिस्टोरेशन' म्हणजे जुनं होतं तसं करणं, 'रीबिल्ड' म्हणजे बरंच काही बदलणं. हे दोन शब्द वार्ताहर सर्रास अदलाबदल करतात. स्पर्धांमध्ये इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सची, १९६३ पासून चालत आलेली, लक्षात ठेवा. नवी नावं तिथे कळतात.

७. प्रत्यक्ष ऐकायला: मुंबई

सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवणच्या चर्चमध्ये पाइप ऑर्गनच्या अपेक्षेने जाऊ नका. तिथे बहुधा कीबोर्डच असतो. जवळचं ठिकाण मुंबई. कोकणकन्येने पहाटे सीएसएमटीला उतरलात की फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल चालत जाण्याच्या अंतरावर आहे, हॉर्निमन सर्कलजवळ. १७१८ पासूनचं. चर्चगेट हे नाव ज्या चर्चवरून पडलं ते हेच. कुलाब्याचं अफगाण चर्च १८५८ सालचं. दोन्हीकडे पाइप ऑर्गन आहेत.

जाण्याआधी हे करा:

- चर्चच्या कार्यालयात फोन करून एकच प्रश्न स्पष्ट विचारा: त्या दिवशी पाइप ऑर्गन वाजणार का? 'ऑर्गन आहे का' असं विचारलंत तर 'आहे' एवढंच उत्तर मिळतं. मला एकदा एका चर्चमध्ये तेच मिळालं, आणि पोचल्यावर कळलं की ऑर्गनच्या खोलीची किल्ली असलेले गृहस्थ गावी गेले आहेत.
- ऑर्गन जवळून बघायचा असेल तर आधी लेखी विनंती पाठवा. सोबत ओळखपत्र आणि त्या विनंतीची प्रत न्या.
- डिसेंबर धरा. नाताळच्या कॅरोल्समुळे ऑर्गन वाजायची शक्यता जास्त. शिवाय मे महिन्याच्या उकाड्यात शिट्टीजातीच्या नळ्यांचा सूर चढतो आणि जिभेच्या नळ्या जवळजवळ जागच्या जागी राहतात. दोन्ही एकत्र उघडल्या की कानाला टोचतं.
- प्रार्थना चालू असताना टाळ्या नाहीत, फोन नाही. ऑर्गनिस्ट शेवटी, लोक उठून निघताना वाजवतो, तेव्हा उठू नका. बहुतेक वेळा सगळ्यात भारी तुकडा तोच असतो.
- नळ्यांच्या अगदी खाली बसू नका. मधल्या बाकांच्या जरा मागे बसा, आणि हात समोरच्या बाकड्यावर ठेवा. खालचा सूर लाकडात कळतो.

८. हात शिवशिवत असतील तर

घरी संगणक आणि साधा मिडी कीबोर्ड (संगणकाला जोडता येणारा) असेल तर 'ग्रँडऑर्ग' हे फुकटचं सॉफ्टवेअर उतरवा. खऱ्या ऑर्गनची एकेक नळी मुद्रित केलेले संच त्यात चालतात. मोठ्या संचाला संगणकाची मेमरी भरपूर लागते, तेव्हा सात-आठ रांगांचा छोटा संच घ्या. ८ ची एकच रांग उघडून वाजवा, मग ४ जोडा, मग १६. कान कुठे भरतो ते लगेच कळतं.

पायांच्या पट्ट्या मात्र एवढ्यात मागवू नका. तीस-बत्तीस लाकडी पट्ट्यांचा तो सांगाडा चार फुटांहून रुंद असतो, माजघरात पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि जूनमध्ये दमट हवेने लाकूड फुगलं की पट्ट्या अडकायला लागतात. आधी डाव्या हाताने खालची ओळ वाजवून पासाकालियाची ती आठ मापं पाठ करा. पेटीवर बसवलीत तरी चालेल.